लॅबमधल्या कॉम्ब जेली : अंडी, पिल्लं आणि खाणं, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर एका लॅबमध्ये कॉम्ब जेली सांभाळते. भारतातून, खासकरून बीएस्सी एमएस्सी करणाऱ्या मुलांकडून, तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदाच सगळं मराठीत लिहून ठेवते आहे. शास्त्रीय नावं मी बोलते तशीच लिहिली आहेत.

कॉम्ब जेली म्हणजे जेलीफिशच ना?

नाही. दिसायला दोन्ही काचेसारख्या पारदर्शक आणि मऊ, पण नातं लांबचं आहे. जेलीफिश छत्रीसारखं अंग आखडून पोहते आणि तिला डंख असतो. कॉम्ब जेलीला डंख नसतो. तिच्या अंगावर वरून खाली आठ ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत बारीक केसांच्या फण्या एकापाठोपाठ एक लावलेल्या असतात, त्या फण्या वल्ह्यासारख्या हलवत ती पोहते, नाव त्यावरूनच पडलंय. भक्ष्य पकडायला तिच्याकडे चिकट पेशी असतात, त्यांना कोलोब्लास्ट म्हणतात, म्हणजे डंख मारून नाही तर गोंद लावून पकडते असं समजा. शास्त्रीय नाव टेनोफोरा.

लॅबमध्ये नेमकी कुठली जात पाळतात?

सगळ्यात जास्त निमिऑप्सिस लिडाय. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची, अक्रोडाच्या आकाराची म्हणून इथे तिला सी वॉलनट म्हणतात. खारटपणा आणि तापमान दोन्हीतले मोठे बदल सहन करते, सहज मिळते, अंडी भरपूर देते, आणि २०१३ मध्ये तिचा जिनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण आराखडा, छापून आल्यापासून मागणी अजूनच वाढली. त्याशिवाय प्लुरोब्रेकिया, जिला सी गूझबेरी म्हणतात, आणि बोलिनॉप्सिस, आणि या सगळ्यांना खाणारी बेरोई. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे अ‍ॅक्वेरियमने तर बऱ्याच जाती पिढ्यान्‌पिढ्या वाढवून दाखवल्यात. खाली मी वेगळं सांगितलं नसेल तिथे निमिऑप्सिसबद्दलच बोलते आहे असं धरा.

अंड्यांसाठी नर-मादी जोडी लागते का?

लागत नाही. एकच प्राणी नर पण आणि मादी पण. फण्यांच्या ओळींखालून ज्या नळ्या जातात त्यांच्या एका बाजूला अंडाशय आणि दुसऱ्या बाजूला वृषण असतं, आणि अंडी नि शुक्राणू दोन्ही कातडीतल्या बारीक छिद्रांतून थेट पाण्यात सोडले जातात. एकटी जेली बाऊलमध्ये ठेवली तरी सकाळी फलित अंडी मिळतात, स्वतःच्याच शुक्राणूंनी. तरीपण कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पाळलेला वंश, बरीच वर्षं चालवायचं असेल तर दोन-तीन एकत्र ठेवून अंडी घ्या आणि अधूनमधून समुद्रातून नवीन प्राणी आणून मिसळा. घरातल्या घरात लग्नं लावत राहिलं की पुढे अडचण येते, ते इथेही लागू आहे.

अंडी कधी घालतात? दिवसभर बघत बसलो, काहीच झालं नाही.

कारण दिवस होता! सगळा खेळ अंधाराचा आहे. उजेड गेला की यांचं घड्याळ सुरू होतं आणि लाइट बंद केल्यावर साधारण आठ तासांनी अंडी सुटतात, हा आकडा ठिकाणानुसार आणि प्राण्यांनुसार मागेपुढे होतो त्यामुळे तुमच्या प्राण्यांचा वेळ तुम्हीच दोन-तीन रात्री जागून लिहून काढा, दुसऱ्याच्या पेपरातला वेळ डोळे झाकून घेऊ नका. वेळ एकदा कळली की टायमर लावून लाइट उलटेपालटे करता येतात, म्हणजे दुपारी चहाच्या वेळेला अंडी मिळतात आणि रात्री झोपता येतं.

आमची पद्धत अशी. संध्याकाळी चांगली खाऊन पिऊन असलेली एक मोठी जेली बीकरने उचलायची, जाळीने कधीच नाही, स्वच्छ गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात दोनदा हलकेच धुवायची म्हणजे अंगाला चिकटलेलं खाणं निघून जातं, मग काचेच्या बाऊलमध्ये ठेवून वर काळं झाकण. हे धुणं टाळू नका, उरलेले रोटिफर (खायला घातलेले पाण्यातले सूक्ष्म प्राणी) आणि घाण अंड्यांसोबत राहिले की सकाळपर्यंत पाणी खराब होतं. सकाळी जेली बाहेर काढायची, ती तशीच ठेवली तर स्वतःचीच पिल्लं गिळते. तळाशी बारीक पारदर्शक ठिपके दिसतील, काळ्या कापडावर बाऊल ठेवून बाजूने टॉर्च मारला तरच. ती अंडी रुंद तोंडाच्या ड्रॉपरने उचलून नवीन स्वच्छ पाण्यात टाकायची.

किती अंडी? मोठ्या, भरपेट जेलीकडून एका रात्रीत हजारो. आकार जितका मोठा तितकी जास्त. पण इथेच माझं मुख्य म्हणणं आहे, आणि पुढच्या प्रत्येक उत्तरात ते परत येणार: आज रात्री मिळणारी अंडी ही लाइटवर नाही, गेल्या काही दिवसांत तुम्ही काय आणि किती खायला घातलं त्यावर ठरतात. लाइट फक्त वेळ सांगतो.

अंड्यातून पिल्लू किती वेळात येतं?

रूम टेंपरेचरला साधारण एका दिवसात. पण शक्य असेल तर पहिले दोन-तीन तास मायक्रोस्कोपखाली बघाच. तास-दीड तासात पहिलं विभाजन होतं आणि ते सगळीकडून एकदम होत नाही, एका बाजूने चीर सुरू होते आणि सुरी लोण्यातून जावी तशी पलीकडे जाते, त्यानंतर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढचं. खुर्चीवरून उठायची इच्छा होत नाही.

यातली अजून एक गोष्ट म्हणजे प्रत्येक पेशीचं नशीब खूप लवकर ठरतं. दोन पेशींच्या अवस्थेत त्या वेगळ्या केल्या तर प्रत्येकीपासून अर्धाच प्राणी बनतो, आठऐवजी चारच फण्यांच्या ओळी असलेला. हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल खुन यांनी बघितलं होतं आणि आजही हा प्रयोग शिकवतात. गंमत म्हणजे मोठेपणी हाच प्राणी कापलेला भाग पटापट परत वाढवतो.

दुसऱ्या दिवशी बाऊलमध्ये जे फिरताना दिसतं ते सिडिपिड पिल्लू. मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं, गोल, दोन लांब तंतू असलेलं. मोठ्या जेलीसारखं ते अजिबात दिसत नाही. मोठी झाल्यावर जे दोन रुंद पंखासारखे भाग येतात ते नंतर, काही मिलिमीटरची झाल्यावर, म्हणजे चांगलं खायला मिळालं तर दोन-तीन आठवड्यांनी.

अंडी भरपूर मिळतात पण पिल्लं पहिल्या आठवड्यातच मरतात. काय चुकतंय?

मला आलेल्या प्रश्नांत हा एक नंबरला. आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर एकच, उपाशी मरतायत. पाण्यात खाणं आहे पण त्यांना ते पकडता येत नाही किंवा खाणं मोठं आहे किंवा खाण्यातच काही दम नाही.

एकदा पिल्लू जेवताना बघा म्हणजे सगळं समजेल. डिशमध्ये एक पिल्लू आणि दहा-बारा रोटिफर सोडा आणि लाइट बाजूने मारा. पिल्लू आधी दोन्ही तंतू लांब सोडतं आणि हलायचं थांबतं, कोळी जाळं टाकून बसावा तसं, तंतूंना बाजूने अजून बारीक धागे फुटलेले असतात. रोटिफर आपल्याच नादात गोल गोल फिरत येतो आणि एका धाग्याला लागतो, की जागेवर चिकटला. थोडी झटापट होते. मग तंतू सर्रकन आखडतो, पिल्लू वळतं आणि तंतू तोंडाच्या कडेवर पुसल्यासारखा करून घास आत. आता विचार करा की पाण्याला जोराचा प्रवाह असेल तर तंतू पसरतीलच कसे, आणि भक्ष्य पिल्लाएवढंच दांडगं असेल तर ते धागे तोडूनच जाणार.

म्हणून पहिल्या दिवसांसाठी रोटिफर, ब्रॅकिओनस जातीचे, आणि जमलं तर कोपेपॉडची (कोळंबीच्या नात्यातले बारीक प्राणी) अगदी लहान पिल्लं, अकार्शिया जातीची, ती तर सोन्यासारखी. पाणी जवळजवळ स्थिर. आणि खाण्याची दाटी इतकी पाहिजे की पिल्लाला वाट बघायला लागू नये, सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरमध्ये थोडं पाणी घेऊन रोटिफर उरलेत का बघायचं, उरले नसतील तर कमी पडतंय.

आणि रोटिफर स्वतः उपाशी असेल तर तो म्हणजे नुसती रिकामी पिशवी. त्याला आधी नॅनोक्लोरोप्सिससारखं हिरवं शेवाळ पोटभर खाऊ घाला, मग चाळणीत धुऊन पिल्लांना द्या. हिरवट दिसणारा रोटिफर चांगला, पारदर्शक दिसणारा उपाशी. म्हणजे खरी साखळी अशी आहे की तुम्ही शेवाळ पाळता, शेवाळावर रोटिफर पाळता, रोटिफरवर जेली पाळता, आणि वरची कडी कितीही सांभाळली तरी खालची तुटली की सगळं बसलं. माझा दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ जेलीवर जातच नाही, शेवाळाच्या बाटल्या आणि रोटिफरच्या बादल्यांवर जातो.

रोटिफरचं कल्चर विरजणासारखं सांभाळा. एक भांडं बिघडलं तर दुसरीकडे थोडं राखलेलं पाहिजेच, तेही वेगळ्या खोलीत, वेगळ्या चाळणीने. रोटिफर एका रात्रीत मरून जातात, कारण कळायच्या आत.

ब्राइन श्रिंप सोपं पडतं, तेच दिलं तर चालणार नाही का?

मोठ्यांना चालतं, आम्हीही देतो. ब्राइन श्रिंपची, म्हणजेच आर्टेमियाची, अंडी खाऱ्या पाण्यात एका दिवसात फुटतात, डब्यात वर्षभर ठेवता येतात, सोय आहे यात वाद नाही. पण नुकत्याच जन्मलेल्या सिडिपिडसाठी ते मोठं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि ताकदवान. पिल्लाच्या तंतूंची वाट लावतं. पिल्लू थोडं मोठं झाल्यावर हळूहळू मिसळायला सुरुवात करा.

दोन गोष्टी मात्र पाळा. एक, अंड्यांची टरफलं अजिबात जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत आणि पोटात अडकतात. दोन, ताजं द्या, फुटल्यानंतर तासागणिक त्यातलं पोषण कमी होत जातं कारण ते स्वतःचाच साठा खात असतं. फक्त आर्टेमियावर ठेवलेल्या जेली दिसायला ठीक असतात पण आमच्याकडे त्यांची अंडी कमी भरतात, कोपेपॉड किंवा माशांची बारीक पिल्लं मिसळली की आठवड्याभरात फरक दिसतो.

पोट भरलं हे कसं कळणार?

दिसतं की! पारदर्शक प्राणी पाळण्याचं हेच सुख. आर्टेमिया केशरी असतो, खाल्ल्यावर जेलीच्या मधोमध केशरी गोळा दिसतो, काही तासांत तो फिका होतो आणि तोच रंग फण्यांखालच्या नळ्यांतून पसरतो. मी सकाळी आल्यावर आधी टँकसमोर नुसती उभी राहते आणि पोटं बघते. कुणाचं रिकामं आहे ते लिहून ठेवते.

जास्त घातलं तरी प्रॉब्लेम आहे. निमिऑप्सिसला थांबायचं कळत नाही, ती पचवेल त्यापेक्षा जास्त पकडत राहते आणि मग चिकट गोळा करून बाहेर टाकते. तळाशी असे पांढरट-केशरी गोळे दिसले तर खाणं कमी करा आणि ते लगेच ड्रॉपरने काढा, नाहीतर पाणी नासतं. एकदम भरपूर देण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं.

शी कुठून करतात? तोंडातूनच का?

बरीच वर्षं तसंच लिहिलं जायचं. खरं म्हणजे न पचलेला मोठा कचरा तोंडातून जातो पण बाकीचं तोंडाच्या विरुद्ध टोकाला असलेल्या छिद्रातून बाहेर पडतं. निमिऑप्सिसमध्ये तर २०१९ मध्ये सिडनी टॅम यांनी दाखवलं की हे छिद्र कायमचं नसतंच, गरज पडली की तयार होतं आणि काम झालं की मिटून नाहीसं होतं. लहान पिल्लांत बघायला सोपं जातं, खायला घातल्यावर धीर धरून बसा.

टँक कसला लागतो? एअर पंप लावला तर सगळ्या फाटल्या.

एअर पंपचे बुडबुडे म्हणजे यांचा काळ. बुडबुडा पंखाखाली किंवा तोंडात अडकला की प्राणी वर तरंगतो, निघू शकत नाही आणि तो भाग फाटतो. आमच्याकडे एकदा नळीचा जोड रात्री थोडा सैल झाला आणि पाण्याबरोबर हवा ओढली गेली, सकाळी अख्खा टँक फेसाळलेला आणि चाळीसेक जेलींची नुसती चिंधी. त्या तीन महिने वाढवलेल्या होत्या, मला तिथे उभं राहवेना. तेव्हापासून संध्याकाळी निघताना प्रत्येक जोडावरून बोट फिरवल्याशिवाय मी लाइट बंद करत नाही.

यांच्यासाठी गोल टँक असतो, क्रायझल. कोपरा नसतो, पाणी हळू गोल फिरत राहतं, प्राणी ना तळाला बसतो ना जाळीला चिकटतो. ही कल्पना १९६०च्या दशकात जर्मनीत हेल्गोलँड बेटावर वुल्फ ग्रेव्ह यांनी आणली, आणि त्यात त्यांनी प्लुरोब्रेकिया आणि बेरोई दोन्ही वाढवल्या. आज जगभरच्या अ‍ॅक्वेरियममधले जेलीफिशचे गोल टँक त्याच घराण्यातले. कमी पैशात करायचं असेल तर मोठी गोल बरणी आणि हळू फिरणाऱ्या मोटरला लावलेलं पातळ पातं, तेवढ्यावरही पिल्लं चांगली वाढतात.

सुट्टीत चार-पाच दिवस खायला घातलं नाही तर मरतील?

मोठ्या मरणार नाहीत. त्या लहान होतील. खरंच लहान होतात, अंग आटतं, अंडी झपाट्याने कमी होतात, परत खायला घातलं की परत वाढतात. पिल्लांचं मात्र तसं नाही, पहिल्या आठवड्यात एक दिवसही चुकवू नका.

या आटण्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. नॉर्वेतल्या बर्गेन युनिव्हर्सिटीत होआन सोतो-आंखेल आणि पावेल बुर्कहार्ट यांनी २०२४ मध्ये छापलं की मोठ्या निमिऑप्सिसला उपाशी ठेवलं आणि इजा केली तर काही काही परत सिडिपिड पिल्लासारख्या होतात, पंख जातात, लांब तंतू परत येतात आणि त्या पिल्लासारख्याच शिकार करू लागतात. आधी कोणीतरी टँकमध्ये मोठ्या जेलीच्या जागी पिल्लू बघितलं असेल आणि वाटलं असेल की लेबल चुकलं.

पिल्लंच अंडी घालतात हे खरं आहे का?

खरं आहे आणि याला डिसोजनी म्हणतात, हेही खुन यांनीच आधी वर्णन केलेलं. निमिऑप्सिसची पिल्लं दोन मिलिमीटरच्या आसपास असतानाच थोडीशी अंडी देऊ शकतात, मग मोठी होऊन परत. अंडी मोजकीच असतात पण पिलं निघतात. म्हणून पिल्लांच्या बाऊलमध्ये अचानक दोन साइझची पिल्लं दिसली तर घाबरू नका. वयाचा हिशोब महत्त्वाचा असेल त्या प्रयोगात मात्र पिल्लं लवकर वेगळी करा, एकेक.

बेरोई पाळायची आहे, तिला काय घालू?

कॉम्ब जेली. दुसरं काही नाही. बेरोईला तंतू नसतात, ती म्हणजे एक पोहणारी पिशवी, तोंड उघडून दुसऱ्या जेलीला सरळ गिळते, आणि समोरची जेली मोठी असेल तर तोंडातल्या कडक केसांनी लचका तोडते. म्हणजे बेरोई पाळायला आधी निमिऑप्सिसचं कल्चर एवढं भरभक्कम पाहिजे की त्यातून रोज काही देता येतील. तुमचं रोटिफरचं कल्चर नीट चालत नसेल तर बेरोईचा विचारही करू नका.

पण तिची अंडी बघण्यासारखी आहेत. बेरोई ओव्हाटाचं अंडं जवळपास एक मिलिमीटरचं, काचेसारखं स्वच्छ, आणि त्यात बरेचदा एकापेक्षा जास्त शुक्राणू शिरतात. मग अंड्याचं केंद्रक आतल्या आत फिरतं, एका शुक्राणूच्या केंद्रकापाशी जातं, कधी तिथून निघून दुसऱ्यापाशी जातं आणि शेवटी एकाशी जुळतं. फ्रान्समधल्या विलफ्राँशच्या लॅबमध्ये हे १९८०च्या दशकात नोंदवलं गेलं. ते कसं ठरवतं, यावर अजून डोकं खाजवलं जातंय.

वापरलेलं पाणी सिंकमध्ये ओतलं तर काय होतं?

असं करू नका, हात जोडून सांगते. वर जे जे वाचलंत ते एकत्र करा: एकटी असली तरी अंडी देते, हजारो देते, पिल्लंसुद्धा देतात, उपाशी राहून टिकते, खाणं दिसलं की थांबत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हीच निमिऑप्सिस जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल सांभाळायला जहाजात भरलेलं पाणी) काळ्या समुद्रात पोचली. तिने झूप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, संपवला, माशांची अंडी आणि पिल्लं खाल्ली, त्यात आधीपासूनची बेसुमार मासेमारी होतीच, आणि दशकाच्या शेवटी तिथली अँचोव्ही या छोट्या माशाची मासेमारी कोसळली. १९९७ मध्ये बेरोई तिथे आली तेव्हा कुठे निमिऑप्सिसचा आकडा खाली आला. पुढे निमिऑप्सिस कॅस्पियन समुद्रातही पोचली. किनाऱ्याकाठच्या मच्छीमार घरांचं काय झालं असेल ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून आमच्याकडे वापरलेलं पाणी आधी ब्लीच करून ठेवतात, मगच ड्रेनमध्ये.

त्या रंगीत लाइटांसारख्या चमकतात, ते खाण्यावर अवलंबून आहे का?

दिवसा फण्यांवर जे इंद्रधनुष्य धावतं तो त्यांचा स्वतःचा उजेड नाही, बाहेरचा प्रकाश हलत्या फण्यांवर विखुरतो. स्वतःचा उजेड वेगळा, निळसर-हिरवा, पूर्ण अंधारात थोडा वेळ ठेवून मग हलकेच हलवलं तर निमिऑप्सिसमध्ये दिसतो. प्लुरोब्रेकियात तो नसतोच.

भारतात हे काम करता येईल का? निमिऑप्सिस मागवू का?

निमिऑप्सिस मागवू नका, कारण वरच्या काळ्या समुद्राच्या उत्तरात आहे. आपल्या समुद्रात प्लुरोब्रेकिया आणि बेरोई आहेतच, आपल्याच किनाऱ्यावरच्या जातीने सुरुवात करा. शांत पाण्याच्या दिवशी होडीच्या कडेने बादली हलकेच बुडवून पाणी घ्या, जाळं ओढून आणलेली जेली अर्धी मेलेलीच असते. पण त्याच्या आधी एक महिना रोटिफर आणि शेवाळ सांभाळून बघा, मध्ये एकदाही कल्चर मरू न देता. तो महिना निघाला की मग बादली घेऊन जा.